तंबाखू सोडल्यावर तिसऱ्या दिवशी तल्लफ आवरत नाही. सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी असते. काय करावं?

तिसऱ्या दिवशी मोडलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. निकोटिन तुटल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्वात जास्त असतो, पुढे २ ते ४ आठवड्यांत ओसरतो. एकेक तल्लफ मात्र साधारण ५ मिनिटांत उतरते. तेवढा वेळ तोंड गुंतवा: गार पाण्याचे घोट, खारे शेंगदाणे, बडीशेप. सुपारी अजिबात नको, तिनंही तोंडाचा कॅन्सर होतो.

औषध दुकानात २ मिग्रॅचा निकोटिन गम मिळतो. पण बरेच जण तो साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळतात. मग उचकी, मळमळ सुरू होते आणि गम फेकला जातो. तिखट चव येईपर्यंतच सावकाश चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवा. चुणचुण गेली की पुन्हा चावा. एक गम अर्धा तास पुरतो. गम घेण्याआधी १५ मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. पाळीवरच्या चहाची वेळ त्यानुसार ठरवा. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली चिमूट लागत असेल, किंवा हृदयविकार असेल, तर मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मोफत सल्ल्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा): १८००-११२-३५६.