"ॲलर्जी आहे असं सांगू का?"

मोठ्या शहरात एकट्याने फिरायला निघालेल्या व्हीगन (प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणाऱ्या) माणसाची काळजी बहुतेक वेळा एकाच प्रश्नात मावते: "तिथे मी खाणार काय?" माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या तिशीतल्या एका मुलीनेही सुरुवात याच प्रश्नाने केली. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) परदेशातलं महानगर, आठवडाभराची सुट्टी, तिकीट काढून झालेलं, आणि निघायची तारीख जवळ आली तशी झोप उडालेली. तिकीट रद्द करावं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

ती मांस, मासे, अंडी तर खात नाहीच. दूध, लोणी, चीज आणि मधही खात नाही. कारण प्राण्यांचं. अशी व्यक्ती जेवणाच्या भीतीबद्दल बोलायला आली की मी आधी काही गोष्टी पडताळून पाहते. खाण्याचे नियम दिवसेंदिवस आवळत चाललेत का? वजन उतरतंय का? चुकून काही पोटात गेलं तर स्वतःला शिक्षा करावीशी वाटते का? तसं असेल तर प्रश्न प्रवासाचा उरतच नाही, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना सोबत घ्यावं लागतं. तिचं तसं काही नव्हतं. ती नीट जेवत होती, चवीने जेवत होती.

"उपाशी राहशील असं खरंच वाटतं?" मी विचारलं.

"नाही. फळं, दाणे, काही ना काही मिळेलच." थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, वेटरला ॲलर्जी आहे असं सांगू का?"

तिची खरी अडचण इथे होती. दूध सोसत नाही म्हटलं की लोक मुकाट्याने पदार्थ बदलून देतात; दूध खात नाही म्हटलं की "का?" विचारतात, हा तिचा अनुभव. मित्रमैत्रिणींबरोबरच्या सहलींत तिच्यामुळे हॉटेल बदलावं लागायचं, कुणीतरी "हिचं काहीतरी असतंच" म्हणायचं, ती हसून सोडून द्यायची आणि मिळेल त्या सॅलडवर भागवायची. चौकशी करायचं काम एक मैत्रीण करायची. आजारी माणसाला विचारायचा हक्क आहे, मनापासून काही पटलेल्या माणसाला नाही, असं तिच्या मनात घट्ट बसलं होतं. आता एकटं जायचं म्हणजे तोंड तिलाच उघडावं लागणार होतं. भीती भुकेची नव्हतीच, आपण कुणाला तरी त्रास देतोय या भावनेची होती.

ॲलर्जीचं खोटं सांगू नकोस, असं मी स्पष्ट सांगितलं. ॲलर्जी म्हटल्यावर चांगलं स्वयंपाकघर वेगळी भांडी घेतं, ओटा पुसून घेतं. ज्याचा श्वास एका घासाने कोंडू शकतो, त्याच्यासाठी ती खबरदारी असते आणि तिच्यावरचा विश्वास टिकला पाहिजे. दुसरं कारण तिच्यापुरतं होतं. खोटं सांगून जेवण मिळालं, तर खरं सांगितल्यावर काय झालं असतं हे तिला कधीच कळणार नाही आणि भीती तशीच राहील.

खरं बोलूनही नियमांचा आधार घेता येतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या कायद्यानुसार, डिसेंबर २०१४ पासून, पाकिटावर आणि हॉटेलातही १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यात दूध, अंडी आणि मासे आहेत. ती माहिती कुणीही मागू शकतं. मांस, मध, मांसाच्या रश्शाचं मात्र वेगळं विचारावं लागतं.

मग आम्ही सराव केला. मी घाईतला, वैतागलेला वेटर व्हायचे. सुरुवातीला तिचं प्रत्येक वाक्य "सॉरी"ने सुरू व्हायचं. शेवटी वाक्य ठरलं: "मी मांस, मासे, अंडी, दूध, लोणी, चीज, मध खात नाही. हे नसलेलं काय मिळेल?" कारण द्यायचं नाही. कुणी विचारलंच तर एका ओळीत सांगायचं आणि पुन्हा मेन्यूकडे वळायचं. हेच वाक्य तिथल्या भाषेत कार्डावर लिहून घेतलं. त्यानंतर ती आपल्याच गावात, गर्दी नसलेल्या वेळी, एकटी जाऊन विचारू लागली. जाण्याआधी "काय होईल" ते लिहायचं, आल्यावर "काय झालं" ते. आधीच्या रकान्यात "हसतील", "चिडतील". नंतरच्यात "आत जाऊन विचारून आला". एका ठिकाणी तुटकपणे "नाही मिळणार" असं उत्तर आलं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडला तो हाच प्रसंग. नकार मिळाला, ती उठली आणि दुसरीकडे जेवली.

एकटं बसलं की सगळे आपल्याकडेच बघतात, या तिच्या दुसऱ्या धास्तीवर मी तिला मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. लाज वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांनी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात पाहणारे होते साधारण पाव.

बाकीची तयारी सरळ होती. व्हीगन जेवण मिळणाऱ्या ठिकाणांच्या, १९९९ पासून चालत आलेल्या हॅपीकाऊसारख्या ऑनलाइन यादीवर ठिकाणं शोधायची, पण शेवटचा अभिप्राय ताजा आहे ना ते बघायचं. मुख्य जेवण दुपारी, गर्दी ओसरल्यावर, कारण तेव्हा वेटरला ऐकायला वेळ असतो. कडकडून भूक लागल्यावर शोधाशोध सुरू करायची नाही. पिशवीत एका जेवणाइतकं खाणं ठेवायचं.

पहिल्या संध्याकाळी ती खोलीबाहेर पडली नाही, पिशवीतलंच खाल्लं, आणि मला मेसेज केला. मी एवढंच विचारलं, "उद्या दुपारचं कुठे ठरवलंस?" दोन दिवसांनी तिचा मेसेज आला: पदार्थावर चीज घातलेलं आलं, तिने प्लेट परत पाठवली, आणि बदलून आल्यावर सावकाश जेवली. "सॉरी म्हटलं नाही," असंही तिने लिहिलं होतं.

रात्री एकटीने बाहेर जेवणं तिला शेवटपर्यंत जड गेलं. बऱ्याचदा ती खाणं खोलीवर घेऊन गेली. दिवसभर चालून दमल्यामुळे तसं केलं असेल तर त्यात मला काही वावगं वाटत नाही.

आता पुढची सहल जुन्या मित्रमंडळींबरोबर ठरते आहे. पुन्हा कधी न भेटणाऱ्या वेटरपेक्षा, "हिचं काहीतरी असतंच" म्हणणाऱ्या आपल्या माणसांपुढे तेच वाक्य सॉरीशिवाय म्हणणं तिला कितीतरी अवघड वाटतं. सध्या आमचं काम त्यावर चालू आहे.