विचारा तर खरं : रेघेच्या वर, रेघेच्या खाली

नाताळच्या अंकात मी ओघात लिहून गेले की माझे वडील इंदूरच्या मराठी मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक होते आणि मी स्वतः जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. त्यानंतर आलेली पत्रं बहुतेक एकाच विषयावरची : श्रद्धा आणि पुरावा. त्यांतली चार घेते आहे.

प्रश्न : ताई, मी पंचविशीतला, इंदूरचाच. विजयनगरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. ऑफिसातल्या मित्राने दाखवलं की बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाची, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्राची, शेवटची 12 वचनं मागाहून जोडलेली आहेत. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, शंका सैतानाकडून येतात, प्रार्थना कर. आता रविवारी मतांगीकार (सगळे मिळून म्हणतात ती विश्वासाची कबुली) म्हणताना ‘तिसऱ्या दिवशी मेलेल्यांमधून उठला’ इथे माझे ओठ मिटतात. बाकी सगळं म्हणतो. मी ढोंगी आहे का?

उत्तर : नाहीस. ढोंगी असतास तर सगळ्यांत मोठ्याने तूच म्हटलं असतंस.

आधी ती 12 वचनं. तुझा मित्र बरोबर आहे. मार्कच्या सोळाव्या अध्यायातली 9 ते 20 ही वचनं सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत नाहीत. हे काही कोणी परवा फोडलेलं गुपित नव्हे. 1881 च्या सुधारित इंग्रजी नव्या करारात समासात तशी टीप छापलेली आहे. मला कळलं ते बीएस्सीला असताना. छावणीतल्या आमच्या घरी वडिलांचं मोठं शास्त्र, म्हणजे बायबल, खिडकीतल्या फळीवर असे, काळ्या रेक्झिनच्या कव्हरात. काहीतरी शोधताना मार्कचं शेवटचं पान उघडलं, तर आठव्या वचनाखाली शिसपेन्सिलीची बारीक रेघ, आणि बाजूला त्यांच्या तिरक्या अक्षरात : ‘येथून पुढे जुन्या प्रतींत नाही.’ मी तणतणत अंगणात गेले. ते सायकलची चेन बसवत होते. “तुम्हाला माहीत होतं, मग सांगितलं का नाही?” हात काळे झालेले, वर न बघता म्हणाले, “आज विचारलंस.”

तेव्हा ते उत्तर मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता वाटत नाही. त्यांनी ती वचनं मंडळीसमोर वर्षानुवर्षं वाचली आणि रेघेबद्दल चकार शब्द काढला नाही. वडिलांबद्दल असं छापील लिहिताना हात अडतो, पण तुझ्या पाळकसाहेबांचं उत्तर त्याच गप्प बसण्याचं पुढचं पाऊल आहे.

आता रेघेच्या वर काय उरतं ते बघ. कबर रिकामी आहे, पांढऱ्या झग्यातला तरुण ‘तो उठला आहे’ म्हणतो, आणि बाया थरथरत पळत सुटतात, भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. बस्स, संपलं. रेघेच्या खाली जे जातं त्यात साप हाती धरण्याचं आणि विष प्यायलं तरी न बाधण्याचं वचनही आहे. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली जन्मभर सांभाळलेल्या बाईला ते गेल्याचं दुःख नाही.

शिवाय पुनरुत्थानाचा सगळ्यांत जुना लेखी पुरावा मार्क नव्हेच. येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल याचं करिंथकरांना पहिलं पत्र साधारण इसवी सन 53 ते 55 मधलं, म्हणजे क्रूसानंतर वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात येशू कोणाकोणाला दिसला याची यादी आहे, आणि ती आपल्याला आधीच्यांकडून मिळाली असं तो लिहितो. येशूचा शिष्य पेत्र आणि येशूचा भाऊ याकोब यांना तो स्वतः यरुशलेमेत भेटला होता. तेव्हा तुझा मित्र ‘शेपाचशे वर्षांनी कोणीतरी रचलं’ असं म्हणत असेल, तर ते त्याने सोडून द्यावं. रोमन सुभेदार पिलाताच्या हुकुमाने येशूला मारलं हे तर ख्रिस्ती लोकांना तुच्छ लेखणारा रोमन इतिहासकार टॅसिटसही लिहितो, आणि पिलाताच्या नावाचा दगड 1961 साली कैसरियाला सापडला आहे.

पण इथवरच. ‘आम्ही त्याला पाहिलं’ असं ती माणसं फार लवकर म्हणू लागली, एवढं इतिहास देतो. ‘म्हणून तो उठला’ ही उडी इतिहासाची नाही, विश्वासाची आहे. पुस्तकं विकणारे काही प्रचारक ती उडी पुराव्याच्या पावतीत घालून देतात. त्यांचा मला राग येतो. कबरेपाशी पहिल्या साक्षीदार बाया होत्या, त्या काळी बाईची साक्ष कमी मानत, म्हणजे हे रचलेलं नसणार, हा त्यांचा आवडता मुद्दा. मुद्दा वाईट नाही. फक्त पौलाच्या यादीत त्या बायांची नावंच नाहीत, हे ते सांगत नाहीत.

तुझा मित्र पुढे म्हणेल की शोकात माणसाला भास होतात. होतात. माझे यजमान गेल्यावर तीन महिने रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला मला फाटकाशी स्कूटर बंद झाल्याचा आवाज येई. मी एकदा चहाचं आधणही वाढवलं होतं. म्हणून मी हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. पण तो आवाज ऐकून माझ्या मनात एकदाही आलं नाही की हे उठले. आणि पौल तर शोकात नव्हता, तेव्हा तो येशूच्या या लोकांना पकडून तुरुंगात घालत होता. त्याला काय दिसलं? इथे माझा तराजू विश्वासाकडे झुकतो. काटा हलतो, पारडं जमिनीला टेकत नाही.

राहिला मिटलेला ओठ. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतावर तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घातला. 1885 मध्ये त्यांनी लिहिलं की भारतातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसरं तसलंच घेणार नाही. त्या बाईंनी पुढे अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. तू एका ओळीला गप्प राहिलास तर छत कोसळणार नाही. ज्या रविवारी म्हणावंसं वाटेल त्या रविवारी म्हण. आणि पाळकसाहेबांना पुन्हा विचार, या वेळी घरी जाऊन, चहाच्या वेळेला. मंडळीसमोर नको, बिचारे घाबरतात.

प्रश्न : येशू तरुणपणी भारतात येऊन शिकला आणि त्याची कबर काश्मीरात आहे, हे जगजाहीर असताना ख्रिस्ती लोक ते का दडवतात? (एक निवृत्त बँक अधिकारी, रामबाग)

उत्तर : दडवायला आधी हाती काही लागायला हवं, साहेब. तरुणपणी शिकल्याची कथा नोटोविच नावाच्या रशियन गृहस्थाची, 1894 ची. लडाखच्या हेमिस मठात लामांनी आपल्याला येशूचं पुरातन चरित्र वाचून दाखवलं, असं त्याने छापलं. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस हेमिसला जाऊन मठाधिपतींना भेटले. असं कोणतंही पुस्तक आमच्याकडे नाही, असं त्यांना उत्तर मिळालं. श्रीनगरच्या रोजाबलमध्ये यूझ आसफ नावाच्या संताची कबर आहे. ती येशूची असल्याचं अहमदिया पंथाच्या संस्थापकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं.

मला पटणारा मुद्दा मात्र साधा आहे. येशू नासरेथात बोलू लागला तेव्हा गावकरी म्हणाले, ‘हा तो सुतारच ना?’ आपल्याकडे कोणी सहा महिने पुण्याला राहून आला तरी गल्ली म्हणते, ‘पुण्याहून आलाय, आता ऐका.’ वर्षानुवर्षं परदेशी राहून आलेल्याला कोणीच टोकलं नसतं?

बाराव्या वर्षापासून तिशीपर्यंत शुभवर्तमानं गप्प आहेत, हे खरं. रिकामी खोली दिसली की कोणीतरी सामान आणून टाकतोच. आमचे लोकही कमी नाहीत. बायबलातल्या सूर्य थांबल्याच्या यहोशवाच्या गोष्टीतला हरवलेला दिवस नासाच्या कॉम्प्युटरला सापडला, ही निखालस थाप मला दर पावसाळ्यात एकदा मोबाइलवर येते. पाठवणारे प्रार्थनेत पुढच्या बाकावर बसतात.

प्रश्न : 25 डिसेंबर ही रोमन सूर्यदेवाची तारीख चोरलेली आहे ना? (खातीवाला टँकहून)

उत्तर : शुभवर्तमानांत तारीख नाही, महिनाही नाही. इसवी सन 354 च्या एका रोमन पंचांगात त्या दिवसावर अजिंक्य सूर्याचा जन्मही आहे आणि ख्रिस्ताचाही. कोणी कोणाचं घेतलं यावर विद्वान भांडताहेत. तारीख उसनी निघाली तरी माझ्या करंज्या बिघडत नाहीत.

प्रश्न : मी हिंदू आहे, शिकले मिशनच्या शाळेत. 2021 च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ गेला, 41 वर्षांचा. शेवटचा ऑक्सिजनचा आकडा 68. माझी ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, देवाची योजना असेल. तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही. देव दयाळू आहे आणि सर्वसमर्थही आहे, ही दोन्ही वाक्यं तुम्ही एका दमात कशी म्हणता? (सुदामानगर)

उत्तर : दम लागतो. खरं सांगते.

आमच्याकडे यावर एक ठरलेलं उत्तर आहे की देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं आणि दुःख त्यातून आलं. ते उत्तर खुनाला पुरतं, विषाणूला पुरत नाही. दुसरं उत्तर असं की दुःखाने माणूस घडतो. ज्याचा श्वास गेला तो कसा घडणार? मी दोन्ही उत्तरं वर्गात फळ्यावर मांडावी तशी मांडून पाहिली आहेत. शेवटची ओळ जुळत नाही.

बायबलात ईयोबाच्या, म्हणजे दोष नसताना सगळं गमावलेल्या माणसाच्या, पुस्तकात त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. तेवढंच त्यांनी बरं केलं. मग तोंडं उघडली, देवाची बाजू मांडू लागले, आणि शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, या वकिलांवर. तुमची मैत्रीण आठव्या दिवशीची. घाबरली असेल, काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलली. पण वाक्य चुकीचंच होतं, आणि तुम्ही तिला ते सांगू शकता.

मी अजून या देवाला धरून आहे, कारण क्रूसावर येशूनेही तुमचाच प्रश्न विचारला : माझ्या देवा, तू मला का सोडलंस? मार्कने तो त्याच्या मूळ बोलीत जसाच्या तसा ठेवलाय, ‘एलोई, एलोई’. वरून उत्तर आल्याचं लिहिलेलं नाही. हा पुरावा नाही. मी कुठे बसते एवढंच सांगितलं.

तुमच्या पत्रात भावाचं वय आहे, महिना आहे, ऑक्सिजनचा आकडा आहे. नाव नाही. पुढच्या पत्रात नाव लिहा, आणि तो चहात साखर किती घ्यायचा तेही. छापणार नाही.