संगणक नेमका कुठे अडतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे डेस्कटॉप मंद होणे, अचानक बंद पडणे आणि त्यासाठी कोणते फुकट सॉफ्टवेअर वापरावे, या एकाच विषयाभोवतीची आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (सोलापूर): माझा डीटीपीचा व्यवसाय आहे. विंडोज १०, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असलेला संगणक सकाळी सुरू केल्यावर बराच वेळ जागचा हलत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्के दिसतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असे सांगितले आहे. त्याआधी मला स्वतःला काही तपासता येईल का?

उत्तर: तपासता येईल, आणि तपासल्याशिवाय फॉरमॅट करू नये, असा माझा आग्रह आहे. फॉरमॅट केल्यावर दुखणे काय होते हे सांगणाऱ्या विंडोजमधल्या नोंदी पुसल्या जातात. शिवाय डिस्कच निकामी होत आली असेल, तर नव्याने विंडोज टाकण्याचा ताण त्याच डिस्कवर पडतो आणि ग्राहकांच्या ज्या फाइली अजून वाचता आल्या असत्या त्याही हातच्या जातात.

प्रथम त्या १०० टक्क्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. डिस्क पूर्ण वेगाने माहिती वाचत आहे, असे तो आकडा सांगत नाही. मोजलेला सगळा वेळ ती कामात गुंतलेली होती, एवढेच त्यातून कळते. म्हणून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या विभागात डिस्क निवडून सरासरी प्रतिसादाचा वेळ आणि वाचन-लेखनाचा वेग हे दोन आकडे एकत्र पाहावेत. साध्या हार्ड डिस्कला एक मागणी पुरी करायला साधारण १० ते २० मिलिसेकंद लागतात. वेग सेकंदाला एखाद-दोन एमबीवर अडकलेला आणि प्रतिसादाचा वेळ मात्र सतत शेकड्यांत असेल, तर एक तर डिस्कपुढे मागण्यांची लांबलचक रांग लागली आहे, नाही तर डिस्क स्वतःच थकली आहे.

या दोहोंतले कोणते, हे ठरवायला विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर पुरेसा आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत त्याचे नाव लिहिले की तो उघडतो. त्याच्या डिस्क विभागात कोणता प्रोग्राम कोणती फाइल किती वाचतो आहे हे नावानिशी दिसते, त्यामुळे अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजचे अपडेट किंवा फाइलींची शोधसूची बनवण्याचे काम सकाळीच चालू असेल तर ते लगेच उघड होते. यादीच्या वरच्या टोकाला वारंवार पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यावर विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) येत असेल, तर मेमरी विभागात जाऊन दर सेकंदाच्या हार्ड फॉल्टचा आलेख पाहावा. हवी असलेली माहिती रॅममध्ये न सापडल्यामुळे ती डिस्कवरून आणावी लागणे, याला हार्ड फॉल्ट म्हणतात. संगणक सुरू होताना असे फॉल्ट होणारच. पण सगळे स्थिरावल्यानंतरही आलेख सतत चढलेला राहिला, तर डिस्कवरचा ताण प्रत्यक्षात रॅमच्या कमतरतेतून आलेला आहे. ४ जीबी रॅमवर विंडोज १०, ब्राउझर आणि पानांची मांडणी करणारे सॉफ्टवेअर एकदम चालवणाऱ्या आपल्या संगणकात ही शक्यता मला मोठी वाटते, आणि तसे असेल तर फॉरमॅटने फार तर काही दिवसांचा आराम मिळेल.

तरीही डिस्कची प्रकृती पाहिल्याशिवाय थांबू नये. त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरावे. ते व्यवसायातही विनामूल्य वापरता येते. प्रत्येक डिस्क स्वतःच्या चुकांची जी मोजदाद ठेवते, ती हे सॉफ्टवेअर वाचून दाखवते. त्या लांब यादीतल्या तीनच ओळी आपल्या कामाच्या आहेत: ०५, म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), सी५, म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयित ठरलेले सेक्टर, आणि सी६, म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. मूळ आकडे सुरुवातीला षोडशमान पद्धतीत दिसतात, म्हणून ‘१०’ दिसले तर ते सोळा समजावेत, किंवा सेटिंगमध्ये जाऊन दशमान पद्धत निवडावी. सी५ समोर शून्याखेरीज काहीही असेल, तर त्याच दिवशी सर्व काम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. चेकडिस्क या विंडोजमधल्याच साधनाने करायची डिस्कची सखोल तपासणीसुद्धा त्यानंतरच करावी, कारण ती पूर्ण डिस्क वाचत असल्याने दुबळ्या डिस्कवर मोठा भार टाकते. सी७ ही ओळ मात्र बहुतेक वेळा केबलकडे बोट दाखवते, आणि केबल बदलणे हे फार थोड्या पैशांचे काम आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये निळा ‘गुड’ शेरा दिसला म्हणून बॅकअप टाळू नये, हेही तितक्याच गांभीर्याने सांगतो. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान वगळता यांपैकी एकाही नोंदीत आधी काहीच दाखवले नव्हते. धोक्याची सूचना मिळाली तर ती मानावी. पण सूचना नाही म्हणून धोका नाही, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

प्रश्न (जळगाव): उन्हाळ्यात दुपारी माझा संगणक काहीही संदेश न देता एकदम बंद पडतो. विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. याचा अर्थ पॉवर सप्लाय गेला आहे का?

उत्तर: या नोंदीच्या नावात पॉवर असल्यामुळे अनेकांचा असा समज होतो आणि चांगला एसएमपीएस, म्हणजेच पॉवर सप्लाय, उगीच बदलला जातो. मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच क्रमांक ४१ ची नोंद सांगते. तिच्या तपशिलात बगचेक कोड (बिघाडाचा क्रमांक) शून्य असेल, तर विंडोजला बिघाडाचा निळा पडदा दाखवण्याइतकाही अवधी मिळाला नाही असे सहसा समजावे. पण वीज जाणे, एसएमपीएसने दगा देणे आणि अति उष्णतेमुळे हार्डवेअरने स्वतःच वीज तोडणे, या तिन्ही प्रसंगी नोंद सारखीच उमटते. त्यामुळे एकट्या या नोंदीवरून निदान करू नये.

उष्णता आणि वीज यांत फरक करायला चालू तापमानाची लेखी नोंद लागते. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर फक्त सेन्सर दाखवण्याच्या पर्यायाने सुरू करावे आणि खालच्या पट्टीतील नोंद ठेवण्याच्या बटणाने सीएसव्ही फाइल (आकड्यांचा तक्ता साठवणारी) चालू करावी. घरगुती, अव्यावसायिक वापरासाठी ते विनामूल्य आहे. संगणक बंद पडला की पुन्हा सुरू करून त्या फाइलीच्या शेवटच्या ओळी एक्सेलमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये पाहाव्यात. अनेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांची तापमानाची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते; त्या मर्यादेशी पोहोचल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तरच वीज तोडली जाते. म्हणून शेवटच्या ओळींत तापमान ९५ ते १०० च्या घरात आणि प्रोसेसरचा वेग घसरलेला दिसला, तर पंखा, हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या भागात) साठलेली धूळ आणि त्या दोहोंमधली वाळलेली थर्मल पेस्ट यांच्याकडे वळावे. तापमान ६० च्या आसपास असताना नोंद मध्येच तुटलेली असेल, तर एसएमपीएस, यूपीएसची बॅटरी आणि घरातील वायरिंग तपासण्यास सबळ कारण मिळते.

याच सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टच्या वाहिनीचाही आकडा दिसतो. ११.४ ते १२.६ व्होल्ट ही मान्य मर्यादा आहे, परंतु मदरबोर्डवरच्या सेन्सरचे हे वाचन पुष्कळदा चुकीचे असते, म्हणून शंका आल्यास जाणकाराकडून मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी.

प्रश्न (दापोली): मी निवृत्त शिक्षक आहे. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स यादीत ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ९५ टक्के प्रोसेसर वापरतो असे दिसते, आणि ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाचे तर असंख्य प्रोग्राम आहेत. हा व्हायरस आहे का?

उत्तर: पहिली बाब काळजीची मुळीच नाही, गुरुजी. ती ओळ प्रोसेसरचा रिकामा वेळ मोजते. तेथे ९५ दिसत असतील तर आपला प्रोसेसर जवळजवळ मोकळा आहे.

एसव्हीसीहोस्ट हा विंडोजच्या सेवांना, म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या कामांना, आसरा देणारा प्रोग्राम आहे. विंडोज १० च्या २०१७ मधील १७०३ या आवृत्तीपासून, ३.५ जीबीहून अधिक रॅम असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवा वेगवेगळ्या एसव्हीसीहोस्टमध्ये चालवल्या जातात, त्यामुळे त्यांची संख्या मोठी दिसणे स्वाभाविक आहे. मात्र या नावाआड लपणारे घातक प्रोग्राम असू शकतात, म्हणून आपली शंका रास्त आहे. तिचे निरसन प्रोसेस एक्सप्लोररने उत्तम होते. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्स या संचातील हे साधन असून २००६ पासून तो संच मायक्रोसॉफ्टकडे आहे, तेव्हा तो मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच उतरवावा. एसव्हीसीहोस्टच्या ओळीवर माउस नेला की त्यात कोणत्या सेवा चालू आहेत ते दिसते. फाइलचा मार्ग विंडोजमधल्या सिस्टिम३२ फोल्डरचा आहे ना आणि तिच्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही आहे ना, एवढे पाहिले तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

प्रश्न (नांदेड): ‘एका क्लिकमध्ये रॅम साफ करा’ अशी फुकट सॉफ्टवेअर वापरावीत का? शिवाय तापमान दाखवणाऱ्या एका प्रोग्रामला विंडोज डिफेंडरने अडवले, तो चालू द्यावा का?

उत्तर: रॅम साफ करणारी सॉफ्टवेअर वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज रिकामी रॅम पुढे लागू शकणाऱ्या फाइलींसाठी मुद्दाम वापरते आणि गरज पडताच मोकळी करून देते. तिला जबरीने रिकामी केल्यास तीच माहिती डिस्कवरून पुन्हा आणावी लागते. संगणक दिवसेंदिवस सुस्तावत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या आलेखाखालचा ‘अप टाइम’ पाहावा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर रोज शटडाउन करूनही तो अनेक दिवसांचा दिसतो, कारण त्या पद्धतीत विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. अशा वेळी रीस्टार्ट करावे. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची पूर्ण यादी सिसइंटर्नल्सच्याच ऑटोरन्समध्ये मिळते. एखादी नोंद पुसण्याऐवजी तिच्यासमोरची खूण काढावी, म्हणजे चूक झाल्यास ती परत लावता येते.

डिफेंडरच्या सूचनेविषयी सांगायचे तर, तापमान दाखवणारे अनेक प्रोग्राम विनरिंग०  नावाचा ड्रायव्हर (विंडोज आणि हार्डवेअर यांना जोडणारा छोटा प्रोग्राम) वापरत आले आहेत. त्यातील सुरक्षेची त्रुटी २०२० पासून जाहीर आहे, आणि २०२५ मध्ये डिफेंडरने त्याला अडवण्यास सुरुवात केल्यावर अनेकांना आपण पाहिली तशीच सूचना दिसू लागली. प्रोग्राम प्रामाणिक असला तरी ड्रायव्हरमधली त्रुटी खरी आहे, त्यामुळे सूचना डावलून परवानगी देऊ नये. वेगळा ड्रायव्हर वापरणारी नवी आवृत्ती घ्यावी किंवा दुसरे साधन निवडावे.

प्रश्न (पुणे): माझ्या संगणकावर उबुंटू आहे. तेथे यासाठी काय वापरावे?

उत्तर: प्रोसेस आणि मेमरीसाठी एचटॉप, डिस्कवरच्या भारासाठी आयओटॉप, तापमानासाठी एलएम-सेन्सर्स आणि डिस्कच्या प्रकृतीसाठी स्मार्टमॉनटूल्स ही साधने उबुंटूच्या अधिकृत भांडारातून मिळतात. रॅमच्या तपासणीसाठी मेमटेस्ट८६प्लस पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करावा आणि चाचणी रात्रभर चालू द्यावी. एक जरी चूक निघाली, तरी रॅमच्या पट्ट्या एकेक करून पुन्हा तपासाव्यात.