पुण्यात चांगला शिंपी कसा शोधायचा, आणि वडिलांचा जुना कोट माझ्या मापाचा होऊ शकतो का?

तुमची अडचण नेमकी कळली. तयार शर्ट खांद्यात बसला की पोटावर तंग होतो, पोटाच्या मापाने घेतला की खांदे दंडावर उतरतात, म्हणून आता शिवून घ्यायचंय. शिवाय डिसेंबरात भावाच्या लग्नात वडिलांचा जुना कोट घालायची इच्छा आहे. मी एकोणीस वर्षं पुण्यात शर्ट-पँट शिवूनच घालतोय आणि माझ्या वडिलांचा कोटही माझ्या अंगावर आणून घेतलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिंपी शोधताना मी एकच गोष्ट आधी विचारतो: कापड बेततं, म्हणजे मापाप्रमाणे आखून कापतं, कोण? दुकान किती मोठं, पाटी किती जुनी, हे नंतर. या धंद्यात काम वाटलेलं असतं. मास्टर माप घेतो आणि कापड बेततो. मशीनवर बसणारे कारागीर नगावर शिवतात. काज-बटणं बऱ्याचदा शेजारच्या गल्लीतल्या काज मशीनवाल्याकडे जातात. यात शर्ट बसणार की नाही हे जवळजवळ सगळं बेतण्यावर ठरतं. छोट्या दुकानात माप घेणारा आणि कात्री चालवणारा माणूस एकच असतो, त्याने तुम्हाला उभं राहिलेलं पाहिलेलं असतं. कापडाच्या मोठ्या शोरूममध्ये अनेकदा काउंटरवरचा एकजण माप लिहितो आणि कापड दुसरीकडच्या वर्कशॉपमध्ये जातं. तिथल्या बेतणाऱ्याला फक्त आकडे मिळतात. छाती चाळीस हे आकड्यात येतं, पण तुम्ही किंचित पोक काढून उभे राहता हे येत नाही.

मला हे लिननच्या एका शर्टावर कळलं. पहिल्या नोकरीतल्या बोनसमधून एका नावाजलेल्या दुकानात कापड घेतलं आणि तिथेच शिवायला टाकलं. शर्ट आला तेव्हा सुरेख बसला. दोन धुण्यांनंतर बाह्या मनगटाच्या हाडावर चढल्या. कापड भिजवून घेतलं होतं का, असं माप घेणाऱ्याने विचारलं नव्हतं आणि बेतणाऱ्याला विचारायला मी समोर नव्हतो. तक्रार घेऊन गेलो तर वर्कशॉपकडे बोट दाखवलं गेलं.

आताचे मास्टर मला एका सहकाऱ्याच्या कॉलरमुळे मिळाले. त्यांची कॉलर दिवसभर मानेला धरून असायची, टाय नसतानाही पसरायची नाही. विचारल्यावर त्यांनी नारायण पेठेतलं एक दुकान सांगितलं, दोन मशीन आणि एक कापायचं टेबल मावेल एवढंच. मी आत गेलो तेव्हा मास्टरांनी लगेच टेप काढली नाही. एक तयार पँट तपासत बसले होते, मधूनमधून माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "फोन रोज कुठे ठेवता?" मी डावा खिसा दाखवला. "मग तिथेच ठेवा, काढू नका." मापं झाल्यावर मापवहीत आकड्यांच्या शेजारी त्यांनी लिहिलं, 'उ. खांदा उतार'. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे हे मला तिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या शर्टांवर उजव्या बाजूला गळ्यापासून काखेकडे तिरकी चुणी का पडते, ते त्या दिवशी समजलं. कापडाचा बोटभर तुकडा कापून त्यांनी पावतीला टाचला आणि आठ दिवसांनी या म्हणाले.

तेव्हा सुरुवात ओळखीच्या माणसांच्या अंगावरच्या कपड्यांपासून करा. आणि तुमच्यासारख्याच बांध्याच्या माणसाला विचारा. सडपातळ माणसाला बसवणारा मास्टर पोट असलेल्या माणसालाही बसवेलच असं नाही. ती वेगळी हातोटी आहे. नाव मिळालं की दुकानात जाऊन तयार होऊन टांगलेले कपडे बघा. चौकड्याचा शर्ट दिसला तर खिसा शोधा. खिशावरच्या रेघा अंगाच्या रेघांशी जुळून खिसा जवळजवळ दिसेनासा झाला असेल, तर तिथे बेतताना डोकं वापरलं जातं. शर्ट आतून उलटा करून बघायला मागा. बाजूची शिवण दुमडून दोन टिपांची आहे की नुसती ओव्हरलॉक केलेली (कडेला मशीनने गुंफलेली), हे दिसेल. इंचात टाके मोजा, बारा-चौदा असतील तर छान. सात-आठ असतील तर घाई आहे. असं बघितल्याचा चांगल्या कारागिराला राग येत नाही, उलट तो आणखी दोन कपडे काढून दाखवतो.

एवढं करूनही पहिल्याच भेटीत नवं कापड देऊ नका. आधी एक अल्टरेशन द्या. तुमच्याकडे खांद्यात बसणारा पण बाही लांब असलेला एखादा तयार शर्ट नक्की असेल, तो न्या. बाही आखूड करण्याचा सोपा मार्ग म्हणजे कफच्या वर एक घडी घालून टीप मारून देणं. योग्य मार्ग म्हणजे कफ पूर्ण उसवायचा, बाही कफच्या टोकाकडून कापायची, तिथल्या उघड्या चिरेची पट्टी त्या प्रमाणात लहान करायची आणि कफ पुन्हा बसवायचा. तुम्ही काहीच न सांगता मास्टर कोणता मार्ग धरतात ते बघा. शंभर-दीडशे रुपयांत माणसाची पारख होते आणि बिघडलं तरी नवं कापड वाया जात नाही.

आता मुंढ्याबद्दल थोडं, कारण तयार शर्टाची आणि तुमच्या अंगाची लढाई बहुतेक तिथेच आहे. मुंढा म्हणजे बाही जोडलेली ती गोलाई. तयार शर्टात तो मुद्दाम खोल ठेवतात, म्हणजे एकच साइज अनेक अंगांवर चढते. पण मुंढा जितका खाली, तितकं हात उचलल्यावर सगळं शर्ट वर ओढलं जातं. बसच्या दांड्याला धरलं की शर्ट पँटमधून बाहेर येतो तो यामुळे. आपल्याला वाटतं, मोकळं हवं तर मुंढा मोठा हवा. प्रत्यक्षात काखेजवळ वर घेतलेला मुंढा हाताला जास्त मोकळीक देतो. पहिल्यांदा घातल्यावर तो किंचित जवळ वाटतो, घाबरू नका. ट्रायलच्या वेळी दोन्ही हात डोक्यावर न्या, पुढे करून स्कूटरचं हँडल धरल्यासारखे ठेवा, खुर्चीत बसा. आरशासमोर ताठ उभं राहून सगळेच शर्ट चांगले दिसतात. पोटाचं माप बसून घ्यायला सांगा, श्वास आत ओढू नका. छातीवर अंगाच्या मापापेक्षा चार इंच सैल ठेवलं की ऑफिसचा शर्ट नीट बसतो. पोटावरही तेवढंच द्या आणि मागे प्लीट घालून घ्या. तुमचे खांदे जागेवर राहतील आणि पोटावर बटणांमध्ये फट पडणार नाही.

पँटचं सांगायचं तर रोजचे बूट घालून जा आणि कंबर जिथे खरोखर बांधता तिथेच मापून घ्या. आसन (कमरेपासून जांघेपर्यंतचा भाग) आखूड नको म्हणून आवर्जून सांगा, नाहीतर बसल्यावर ओढतं. मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायला सांगा. वजन वाढलं की हीच माया उसवून पँट सैल होते. तयार पँटमध्ये ती फारशी नसते.

कापड लक्ष्मी रस्त्यावर भरपूर आहे, रविवार पेठेत कापडगंजच्या बाजूला घाऊक दुकानं आहेत, तिथे भाव बरा पडतो पण निवड स्वतःला करावी लागते. मुंबईला जाणं होत असेल तर मंगलदास मार्केटात अर्धा दिवस काढा. आपल्या इचलकरंजीच्या मागांवरचं सुती शर्टिंग वापरायला मला फार आवडतं, पुण्याच्या उन्हाळ्यात अंगाला सुखाचं वाटतं. घेताना आधी पन्हा (कापडाची रुंदी) विचारा. 58 इंच पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला 1.60 मीटर लागतं, 36 इंच पन्ह्यात सव्वादोन ते अडीच मीटर. पोट असेल किंवा मोठ्या चौकड्या असतील तर पाव मीटर जास्त घ्या, रेघा जुळवायला कापड लागतंच. पँटला 58 इंचात 1.20 ते 1.30 मीटर पुरतं. सुती किंवा लिनन असेल तर शिवायला देण्याआधी घरी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, इस्त्री करून न्या. आटायचं तेवढं तिथेच आटतं. माझ्या आईला हे माहीत होतं, परकराचं कापडही ती भिजवल्याशिवाय शिवत नसे. मी मात्र त्या लिननच्या वेळी तिला विचारलं नाही.

कॉलरसाठी मास्टरांना बकरम (कॉलर ताठ ठेवणारं आतलं कापड) चांगलं घालायला सांगा, त्यासाठी पन्नास रुपये जास्त मागितले तर द्या. हलक्या बकरमवर धुतल्यावर फोड येतात आणि ते पुन्हा बसत नाहीत. आणि कापड उरलं तर तुकडे परत मागून घ्या. चार वर्षांनी कॉलर झिजली की त्याच तुकड्यातून नवी बसवता येते. पूर्वी तर कॉलर उसवून पालटून लावायचे, जुने मास्टर अजूनही करून देतात.

आता कोट. तो अंगात घाला आणि आधी फक्त खांदे बघा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडाशी संपत असेल तर तो कोट तुमचा होऊ शकतो. ती बोटभर बाहेर असेल तर अवघड आहे. खांदा बदलायचा म्हणजे बाह्या काढून, आतला पॅड काढून कोट जवळपास नव्याने बांधायचा. लांबीही फारशी कमी होत नाही, कारण खिसे आणि बटणं जिथे आहेत तिथेच राहतात आणि कोट बेढब दिसतो. याउलट कंबर आत घेणं, पाठीचा मधला भाग सैल करणं, बाहीची लांबी, फाटलेलं अस्तर बदलणं, ही कामं व्यवस्थित होतात. कसरीने खाल्लेली बारीक भोकं असली तरी टाकू नका. चांगला रफूगार कोटाच्या आतल्या घडीतूनच धागे काढून भोक विणून बंद करतो. समोरच्या भागावर चिमटीत कापड धरून बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये वेगळा सरकणारा तिसरा थर लागतो का बघा. लागत असेल तर आत कॅनव्हास (आकार धरून ठेवणारं, टाक्यांनी बसवलेलं जाड कापड) आहे, कोट जुन्या पद्धतीने शिवलाय, त्यावर खर्च करणं सार्थ आहे.

माझ्या वडिलांचा कोट 1984 सालचा, त्यांच्या लग्नातला. पाठीत मला तंग होत होता. मास्टरांनी अस्तर उसवलं, मधली शिवण उघडी केली आणि मला टेबलाजवळ बोलावलं. आत दोन्ही बाजूंना इंचभर माया होती, आणि तिच्यावर पांढऱ्या सुताचे कच्चे टाके तसेच राहिले होते. ट्रायलच्या वेळी घातलेले, काढायचे राहून गेलेले. गावातल्या ज्या शिंप्याने ते घातले होते तो माझ्या जन्माआधीच वारला. मास्टर ते टाके बोटाने चाचपत म्हणाले, "ह्यानं तुमच्यासाठी जागा ठेवली होती." त्यांनी पाऊण इंच उघडलं आणि उरलेली माया तशीच ठेवली. आतलं कापड बाहेर आलं तिथे रंग थोडा गडद होता. त्याची कल्पना त्यांनी आधीच दिली होती. दोनदा ड्रायक्लीन झाल्यावर फरक जवळून बघितला तरच कळतो.

तुमच्या कोटाला मात्र शर्टवाल्या मास्टरांकडे नेऊ नका, ते स्वतः कोट शिवत असतील तरच न्या. कोट हे वेगळं काम आहे. कॅम्पाच्या बाजूला चौकशी करा. पुणं लष्कराचं शहर आहे, दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, वानवडीला एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय. त्यामुळे गणवेश आणि ब्लेझर शिवणारे टेलर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि खांदा-पाठ बसवण्याचा त्यांचा हात पक्का असतो.

वेळेचं गणित आत्ताच मांडा. दसऱ्यानंतर चांगले मास्टर दिवाळीच्या ऑर्डरी घेणं बंद करतात आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. त्या गर्दीत जुना कोट मागे पडतो. गणपती उठले की लगेच अल्टरेशन द्या, ते पटलं तर पंधरा दिवसांत एक शर्ट शिवून घ्या, तो धुऊन-वापरून बघा आणि दसऱ्याच्या आत कोट टाका. एक ट्रायल अस्तर बंद करण्याआधी हवी, हे बोलून घ्या. आणि त्या ट्रायलला तो नवा शर्ट अंगात घालून जा. कोटाच्या बाहीखाली शर्टाचा कफ अर्धा इंच दिसायला हवा, आणि बाही कुठे थांबवायची हे मास्टरांना त्या कफावरूनच ठरवता येतं.