"शिकवण्या घेतो, म्हणजे कलाकार म्हणून मी संपलो का?"

गाण्या-वाजवण्यावरच पोट असलेली तरुण मंडळी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा आधी पैशांची तक्रार सांगतात. खरी बोच नंतर बाहेर पडते. "मॅडम, मिळेल ते वाजवतो. यात माझं संगीत कुठे राहिलं?" हे इतक्यांदा ऐकलंय की एक अनुभव लिहावासा वाटला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

समीर हार्मोनियम वाजवतो, चालीही बांधतो. वय बत्तीस, राहायला मुलुंडला. शिकवण्या, गणपती-नवरात्रातले ऑर्केस्ट्रा, दिवाळी पहाट, लग्नातलं 'संगीत', मधूनच एखाद्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत. पैसे येत होते, झोप मात्र उडाली होती.

"यातलं तुमचं काम कोणतं?"

"माझ्या चाली. बाकी सगळा धंदा."

पुढची काही सत्रं आम्ही याच वाक्याभोवती घालवली. एकदा मी विचारलं, "तुमच्या गुरुजींचं घर कशावर चालायचं?"

"शिकवण्यांवर. पहाटेपासून मुलं यायची. शिवाय नाटकांना ऑर्गनची साथ करायचे."

"म्हणजे ते कलाकार नव्हते?"

तो ताडकन म्हणाला, "असं कसं बोलता तुम्ही?" चांगलाच रागावला होता. मग गप्प झाला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "त्यांच्याबद्दल असं कधी मनातही आलं नाही."

"स्वतःबद्दल मात्र रोज येतं."

त्याचे डोळे भरून आले. मी मध्ये बोलले नाही. तो प्रश्न नेमका त्या वेळी सुचला, याचं मला आजही समाधान आहे.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर घडलेली. परिस्थितीपेक्षा आपण तिला चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. समीरनं स्वतःच्याच कमाईत सोवळं-ओवळं पाळलं होतं. चालीचा रुपया सोवळा, शिकवणीचा ओवळा. त्यामुळे महिना कितीही बरा गेला तरी तो हरलेलाच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला आणलं, ते राजाश्रयावर न विसंबता जाहीर मैफली आणि लोकांच्या देणग्यांवर. शिकवणं हे संगीतापेक्षा खालचं, असं त्यांना कधी वाटलं असेल का?

मन थोडं मोकळं झाल्यावर मी त्याला बारा महिन्यांचा कागद करायला सांगितला: कुठल्या महिन्यात कशातून किती आले. चातुर्मासात लग्नं थांबतात आणि गणपती येईपर्यंत कार्यक्रमही तुरळक असतात. ते महिने शिकवण्यांच्या फीनंच तारले होते, आणि नव्या चालींपैकी बऱ्याचशा याच पावसाळ्यातल्या होत्या. ज्याला तो धंदा म्हणत होता, त्यानंच त्याला चाली बांधायला वेळ दिला होता.

तुम्हीही असा कागद करा. सणांच्या हंगामातले पैसे त्याच महिन्यात संपवू नका, त्यातून पुढचे कोरडे महिने बाजूला काढा. तारीख देण्याआधी ॲडव्हान्स घ्या. ओळखीतल्या कार्यक्रमाचंही मानधन व्हॉट्सॲपवर लिहून मागा, त्यात उद्धटपणा काही नाही. गीतकार-संगीतकार असाल तर आयपीआरएसचं, म्हणजे तुमच्या गाण्यांची रॉयल्टी गोळा करून तुम्हाला देणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्या. ही संस्था १९६९ पासून आहे. आणि चित्रपटासाठी काम करत असाल तर २०१२ ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती समजून घ्या. तुमचं गाणं चित्रपटगृहाबाहेर वापरलं गेलं, तर रॉयल्टीतला तुमचा वाटा निर्मात्याला लिहून देऊन टाकता येत नाही. रॉयल्टीवर लगेच घर चालणार नाही, पण तो तुमचा हक्क आहे.

घरच्यांनाही एक विनंती. "फिक्स किती?" हे रोज विचारू नका. समीरनं तो कागद वडिलांपुढे ठेवला. आयुष्यभर नोकरी केलेला माणूस, त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "गणपतीतला दर तीन वर्षं तोच कसा? यंदा वाढवून माग."