नुसता ट्रेलर बघून पैसे भरू नकोस

अरे, नवीन आहेस म्हणून सांगतो. जाहीर झालेल्या गेमची तारीख म्हणजे शिंप्याचा वायदा. ट्रेलरमध्ये प्रत्यक्ष खेळणं दिसत नसेल, नुसती फिल्मच असेल, तर पाकीट खिशातच राहू दे.

'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' १९९७ला जाहीर झाला, आला २०११ला. मधेच इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा असतो तो सॉफ्टवेअरचा पाया, बदललं की निम्मं काम परत पहिल्यापासून. मी दोन संध्याकाळ खेळलो आणि ठेवून दिला. चौदा वर्षांत बाकीचे गेम कुठल्या कुठे गेले होते.

'हाफ-लाइफ २: एपिसोड टू' २००७चा. गोष्ट ऐन मोक्यावर तुटली, ती तुटलीच. २०२०ला त्याच मालिकेतला 'अ‍ॅलिक्स' आला, पण व्हीआर हेडसेटवाल्यांसाठी (डोळ्यांवर चढवून आभासी जगात शिरायचं यंत्र), त्यातही गोष्ट मुख्यतः आधीच्या काळातली. (हेडसेटचं बजेट घरी मांडून बघ एकदा!)

पण 'सिल्कसाँग'चं उलटं. २०१९ला जाहीर, ४ सप्टेंबर २०२५ला हजर. विसर्जन दोन दिवसांवर, खाली पेठेत ढोलांचा दणदणाट, आणि वर मी साडेसातपासून खरेदीचं पान रिफ्रेश करतोय. गर्दीने ऑनलाइन दुकानंच कोलमडली होती. गेम मात्र वाट बघितल्याचं सार्थक करणारा. टीम अगदी चिमुकली, डोक्यावर प्रकाशकाची घाई नाही. फरक तिथेच पडतो, असं माझं मत.

तू आधी 'हॉलो नाइट' घे, 'सिल्कसाँग'च्या आधीचा गेम; सेलमध्ये स्वस्तात मिळतो. बरेच दिवस पुरेल.