मोर्चाआधी घरपट्टीची पावती बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

निपाणीत मराठी वाचनालय आणि नाटकमंडळ उभं करायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. सुरुवात नगरपालिकेवर मोर्चा नेऊन करावी, असं तुझं म्हणणं. 1956 पासून सीमाभाग रस्त्यावर उतरतच आलाय, त्याचं मोल मी जाणतो. पण या कामासाठी आधी घरपट्टीची पावती काढ.

तिच्यात ग्रंथालय उपकर असतो. कर्नाटकाच्या 1965 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे नगरपालिका तो वसूल करते आणि ग्रंथालय खात्याकडे भरते. मराठी घरंही तो भरतात. तेव्हा सरकारी ग्रंथालयात मराठी पुस्तकं आणि दैनिकं मागणं हा आपला हक्कच आहे. उपकर किती जमला आणि त्यातला खात्याकडे किती गेला, हे माहिती अधिकारात नगरपालिकेला विचार. मराठी पुस्तकांवर किती खर्च झाला, ते खात्याला विचार. उत्तरं हातात आली की मग नगरसेवकांना भेट.

अर्ज कन्नडमध्ये लिही आणि सोबत मराठी प्रत जोड. तुला हे रुचणार नाही, पण टेबलावरच्या कारकुनाला तो लगेच वाचता यायला हवा. कन्नड नीट शिक, त्यानं तुझ्या मराठीचं काही कमी होत नाही. वाचनाची गोडी असलेला एखादा कन्नड शेजारीही समितीवर घे.

आता नाटकाचं. देवचंद कॉलेजला आपण निपाणीचं म्हणतो, पण ते अर्जुननगरात, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. मुलं रोज हद्द ओलांडून शिकायला जातात. नट तिथेच शोध. विषयासाठी लांब जाऊ नकोस. 1981 च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या देऊन बसलेली माणसं आता म्हातारी झालीत. गोळीबार झाला तेव्हा तिथं असलेलेही त्यांत सापडतील. फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेव. नाटक पुढेमागे होईल, हे काम मात्र याच वर्षी कर. वखारीत आणि विडीच्या कामात आयुष्य काढलेल्या बायकांना आधी विचार, त्यांच्याकडे कुणी फारसं गेलेलं नाही.

वाचनालयात पहिल्या कपाटात महादेव मोरे ठेव. आपल्याच गावात पिठाची गिरणी चालवत या माणसानं ड्रायव्हर, मेकॅनिक, विडी कामगार यांच्या कथा लिहिल्या. इथल्या पोरांना ते वाचायला मिळालेच पाहिजेत.

कडोली, उचगाव, येळ्ळूर ही बेळगावजवळची खेडी स्वतःची साहित्य संमेलनं भरवतात. तिथल्या कार्यकर्त्यांना गाठ. वर्गणी, मांडव, जेवण, पाहुण्यांचा प्रवास कसा जमवतात ते बारकाईनं विचारून घे. मोठ्या पाहुण्याच्या मागे मात्र लागू नकोस, त्यात अर्धा पैसा जातो.

अर्जाचा मसुदा पाठव. कन्नड मी तपासून देतो.

तुझा,
काका